निवळीचे बी उगाळावेच लागते

(वस्त्रोद्योगाचे रंगीत सांडपाणी आणि वनस्पतींचे सामर्थ्य या विषयावरील व्याख्यान)



मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात एक मार्मिक दृष्टांत आहे. कतक, म्हणजे निवळी, या वृक्षाचे फळ गढूळ पाणी स्वच्छ करते हे खरे. परंतु नुसते त्या वृक्षाचे नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असा त्याचा आशय. तेथे विषय आश्रमधर्माचा आहे. बाह्य चिन्हे धारण केल्याने धर्म घडत नाही, तो आचरावा लागतो, हे सांगण्यासाठी ग्रंथकाराने निवळीचे उदाहरण योजले. आज सातारा-सांगलीच्या परिसरात पाण्याचा विचार करताना हा दृष्टांत पुन्हा पाण्याकडेच परत आणावा लागतो. पूर्वजांना जलशुद्धीचे ज्ञान होते, हे वाक्य व्यासपीठावरून अनेकदा उच्चारले जाते. ते असत्य नाही. पण त्या वाक्याने एक ओंजळ पाणीही स्वच्छ होत नाही. बी उगाळावेच लागते.

कृष्णेचा प्रवाह आणि रंगाचा प्रश्न

कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते. वाईच्या घाटांवर तिचा उत्सव होतो, माहुलीस वेण्णा तिला मिळते, कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना, सांगलीजवळ हरिपूरला वारणा आणि पुढे नरसोबावाडीस पंचगंगा. या प्रत्येक संगमावर मंदिर आहे, घाट आहे, नित्य स्नान आहे. समाजाने नदीला माई म्हटले ते केवळ भाविकतेने नव्हे. साताऱ्याचा नि सांगलीचा ऊस, हळद, द्राक्षे हे सारे तिच्या आणि तिच्या उपनद्यांच्या पाण्यावर उभे आहे.

याच खोऱ्यात वस्त्रोद्योगही वाढला. सांगली जिल्ह्यात विटा आणि माधवनगर येथे यंत्रमागांचा खडखडाट सुरू झाला; शेजारी कोल्हापूर जिल्ह्यात इचलकरंजीने तर महाराष्ट्राचे मँचेस्टर ही ख्याती मिळवली. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग बसवला. त्या एका मागापासून हजारो कुटुंबांची चूल पेटली, हे विसरून चालणार नाही. कारखाने बंद करा, असे म्हणणे सोपे आहे. ज्याच्या घरातील तीन पिढ्या मागावर वाढल्या त्याच्यासमोर उभे राहून ते म्हणणे तितके सोपे नाही.

मागावरून उतरलेले कापड कोरे असते. त्यावरची खळ काढणे, ते धुणे, विरंजन करणे, रंगवणे, छापणे ही कामे प्रोसेस हाऊसमध्ये होतात आणि पाण्याचा खरा प्रश्न तेथे जन्मतो. इचलकरंजी पंचगंगेच्या काठी आहे. पंचगंगेत जे जाते ते नरसोबावाडीस कृष्णेत पोहोचते आणि तेथून पुढे कर्नाटकात. नदीला जिल्ह्याची सीमा कळत नाही, राज्याचीही कळत नाही. म्हणून हा प्रश्न एका शहराचा मानून इतरांना हात झटकता येणार नाहीत. सांगलीकरांनी शेरीनाल्याच्या निमित्ताने कृष्णेचे दुखणे दीर्घकाळ पाहिले आहे. आपल्या गावाची घाण पुढच्या गावाचे पिण्याचे पाणी होते, हे त्यांना वेगळे सांगायला नको.

पक्केपणाचा शाप

एकेकाळी रंग झाडांतून येत. नीळ, मंजिष्ठा, हळद, डाळिंबाची साल ही रंगाऱ्याची संपत्ती होती. रंग पक्का करण्यासाठी हिरडा आणि तुरटी असे. १८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन कृत्रिम क्विनीन करण्याच्या खटपटीत होता. क्विनीन हाती लागले नाही, जांभळा रंग हाती लागला, आणि डांबरातून रंग काढण्याचे युग सुरू झाले. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९५६ साली, सुती धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जाणारे रिअॅक्टिव्ह रंग बाजारात आले. आज सुती कापडावर दिसणारे झळाळते लाल, निळे, पोपटी रंग बहुतांशी याच कुळातले.

या रंगांची रचनाच अशी की उन्हाने ते विटू नयेत, घामाने उतरू नयेत, साबणाने धुऊन जाऊ नयेत. गृहिणी दुकानात ‘रंग जाणार नाही ना?’ असे विचारते, त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच रसायनशास्त्रज्ञांनी आयुष्य वेचले. परंतु कापडावर जो गुण, तोच नदीत दोष ठरतो. जो रंग उन्हाला आणि साबणाला दाद देत नाही, तो नदीतील जिवाणूंनाही सहजासहजी दाद देत नाही.

त्यात आणखी एक अडचण आहे. रंगवण्याच्या हौदात टाकलेला सगळा रंग धाग्याला चिकटत नाही. काही भागाचा संयोग धाग्याऐवजी पाण्याशीच होतो आणि तो रंग निकामी ठरतो. रंगाच्या प्रकारानुसार सुमारे दहा टक्क्यांपासून पन्नास टक्क्यांपर्यंत रिअॅक्टिव्ह रंग असा वाया जाऊन सांडपाण्यात उतरतो. पाण्याला रंग चढला की सूर्यप्रकाश खोल जात नाही, शेवाळ आणि जलवनस्पतींचे अन्ननिर्माण मंदावते, प्राणवायू घटतो. शिवाय या रंगांत अॅझो वर्गाचे प्राबल्य आहे. दोन नत्र अणूंच्या जोडबंधावर उभे असलेले हे रेणू अर्धवट तुटले तर अॅरोमॅटिक अमाइन्स तयार होतात आणि त्यांपैकी काही कर्ककारक आहेत. म्हणूनच भारताने १९९० च्या दशकात बेंझिडीनवर आधारित रंगांवर आणि पाठोपाठ ७० अॅझो रंगांवर बंदी घातली.

पूर्वजांनी काय नोंदवले होते?

सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळवणाऱ्या सात द्रव्यांची नोंद आहे. कतक, गोमेद, कमळाचा कंद, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मोती आणि मणी. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूगर्भजलाविषयीचा एक अध्यायच आहे. विहिरीचे पाणी गढूळ, कडवट वा बेचव असेल तर अंजन, नागरमोथा, वाळा, घोसाळे, आवळा आणि निवळी यांचे चूर्ण घालावे, असे तेथे सांगितले आहे. ही निरीक्षणे बारकाईने केलेली होती, याबद्दल शंका नाही. शेवगा मूळचा हिमालयाच्या पायथ्याचा. पण त्याचे बी वाटून नाईलचे गढूळ पाणी निवळवण्याची रीत सुदानमधील खेड्यांतील स्त्रियांनी जपली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपीय संशोधकांनी तिचा अभ्यास केला. झाड येथले, अभ्यासाला प्रेरणा मात्र सुदानी स्त्रियांनी दिली. अभिमानाबरोबर ही नोंदही असावी.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. प्राचीन ग्रंथांतील प्रश्न गढूळपणाचा होता. माती पाण्यात तरंगते, विरघळत नाही. रंग विरघळतो. म्हणून निवळीने गाळ बसतो एवढ्यावरून रंगही जाईल, असे गृहीत धरता येत नाही. जुने ज्ञान दिशा दाखवते. अंतर मात्र प्रयोगशाळेत आणि नाल्याकाठी स्वतः चालावे लागते.

वनस्पतींचे तीन मार्ग

पहिला मार्ग बियांचा. शेवग्याच्या बियांतील एक लहान प्रथिन पाण्यात धनभारित असते. सुती कापडाचे रिअॅक्टिव्ह रंग ऋणभारित असतात. दोहोंची गाठ पडली की गुठळ्या होतात आणि तळाशी बसतात. तुरटीही असेच काम करते. परंतु बियांचा गाळ जैविक असतो आणि त्यात अॅल्युमिनियमची भर पडत नाही. बियांतील तेल काढून घेतल्यानंतर उरलेल्या पेंडीतही हा गुण शिल्लक राहतो, ही गोष्ट अर्थकारणाच्या दृष्टीने महत्त्वाची. मात्र बियांतील इतर सेंद्रिय द्रव्य पाण्यात उतरते आणि जिवाणूंची प्राणवायूची मागणी वाढवते. त्यामुळे प्रमाण काटेकोर ठेवावे लागते.

दुसरा मार्ग अधिशोषणाचा. येथे सातारा-सांगलीची खरी श्रीमंती उपयोगी पडते. रेठरे, भुईंज, साखराळे, कुंडल येथील साखर कारखान्यांच्या आवारात बगॅसचे ढीग दिसतात. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या पाव हिश्श्याहून अधिक बगॅस निघतो. उसाची चिपाडे, भुईमुगाची टरफले, चिंचोके, कडुनिंबाचा पाला, लाकडाचा भुसा या सर्वांच्या पृष्ठभागावर रंगाचे रेणू चिकटतात, हे जगभरच्या प्रयोगांत दिसून आले आहे. तथापि तंतूचा पृष्ठभाग सामान्यतः ऋणभारित असल्याने तो मिथिलीन ब्लूसारखे धनभारित रंग चटकन ओढतो आणि सुती कापडाचे ऋणभारित रंग दूर लोटतो. पाणी आम्लधर्मी केले किंवा चिपाडांवर रासायनिक संस्कार केले, तर हे चित्र पालटते. प्रोसेस हाऊसचे पाणी तर सोड्यामुळे अत्यंत अल्कधर्मी असते. म्हणजे आधी ते उदासीन करायचे, मग बगॅसकडे न्यायचे. हा क्रम चुकला की प्रयोग फसतो आणि दोष मात्र वनस्पतीच्या माथी बसतो.

तिसरा मार्ग जिवंत वनस्पतींचा. येथे अभिमानाने सांगावे असे काम याच मातीत झाले आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या आणि कोल्हापूर, सांगली, सातारा या तिन्ही जिल्ह्यांचे उच्च शिक्षण सांभाळणाऱ्या शिवाजी विद्यापीठात डॉ. संजय गोविंदवार, डॉ. ज्योती जाधव, डॉ. विश्वास बापट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वस्त्रोद्योगाच्या रंगांवर दीर्घकाळ संशोधन केले. पश्चिम घाटातील ब्ल्युमिया माल्कोमी ही वनस्पती डायरेक्ट रेड ५-बी या अॅझो रंगाचे विघटन करते, हे त्यांनी २००९ साली प्रसिद्ध केले. त्याच वर्षी झेंडूच्या मुळांनी रिअॅक्टिव्ह रेड १९८ या रंगाचे विघटन केल्याचा त्यांचा निबंधही प्रसिद्ध झाला. पुढे गलांडा, अॅस्टर, चिनी गुलाब ही बागेतील फुलझाडे आणि पाणकणीस, कोद्रा या ओलसर जागी वाढणाऱ्या वनस्पती यांच्यावरही प्रयोग झाले.

वनस्पती येथे केवळ स्पंजासारखी वागत नाही, हे या संशोधनाचे सार आहे. मुळांतील लॅकेस, पेरॉक्सिडेज, टायरोसिनेज यांसारखी विकरे, म्हणजे एन्झाइम्स, रंगाचा रेणू तोडतात. जी यंत्रणा झाडाच्या काष्ठद्रव्याच्या जडणघडणीत भाग घेते, तीच परक्या रेणूवर चालते. दसऱ्याला दाराच्या तोरणात ओवला जाणारा झेंडू मुळांच्या अंधारात असे काही सामर्थ्य बाळगून आहे, ही कल्पना कोणालाही हरखून टाकील.

हिशेब न चुकवता

परंतु हरखून जाणे म्हणजे काम होणे नव्हे. एक साधा हिशेब करावा. समजा, एखाद्या प्रोसेस हाऊसमधून रोज १ लाख लिटर रंगीत पाणी बाहेर पडते आणि त्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम रंग आहे. म्हणजे दिवसाला १० किलो रंग झाला. संस्कारित बगॅसचा एक ग्रॅम २० मिलिग्रॅम रंग धरतो असे मानले, तर रोज ५०० किलो कोरडा बगॅस लागेल. महिन्याला १५ टन. कारखान्यातून बाहेर पडणारा बगॅस निम्मा ओला असतो, हे धरले तर आकडा दुप्पट होतो. शिवाय बगॅस आज टाकाऊ राहिलेला नाही. तो बॉयलरमध्ये जळून वीज देतो, कागदाला कच्चा माल पुरवतो. म्हणून बगॅसपेक्षा बॉयलरमधून निघणारी त्याची राख वापरणे अधिक शहाणपणाचे ठरू शकते. तिच्यातही रंग धरण्याचा गुण असल्याचे प्रयोगांनी दाखवले आहे.

रंगाने माखलेल्या त्या चिपाडांचे पुढे काय, हा त्याहून अवघड प्रश्न. ती नदीकाठी टाकली तर पहिल्याच वळिवात रंग पुन्हा पात्रात. मग एवढा खटाटोप कशासाठी? वापरलेले द्रव्य सुरक्षितपणे जाळण्याची किंवा पुरण्याची व्यवस्था आधी आणि टाकी नंतर, असाच क्रम हवा.

तिसरी गोष्ट मिठाची. रिअॅक्टिव्ह रंग धाग्यावर चढावा म्हणून गडद छटेसाठी लिटरमागे ५० ग्रॅम वा त्याहूनही अधिक मीठ हौदात घालतात. बगॅस असो, शेवगा असो वा झेंडू, यांपैकी कोणीही ते मीठ काढून टाकत नाही. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसेल आणि तरी खारेच असेल. वाळवा, मिरज, पलूस, शिरोळ या तालुक्यांतील शेतकऱ्याला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. अतिपाण्याने आणि निचऱ्याअभावी क्षारपड झालेली शेते त्याने डोळ्यांनी पाहिली आहेत. पांढरी पडलेली जमीन पुन्हा काळी करायला किती वर्षे आणि किती पैसा लागतो, हे तो जाणतो. तशा जमिनीवर खाऱ्या पाण्याची भर पडणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे, आणि तेही शब्दशः.

तमिळनाडूतील तिरुपूरचे उदाहरण डोळ्यांसमोर असावे. नोय्यल नदीत रंगाचे नि मिठाचे पाणी वर्षानुवर्षे गेले. सिंचनासाठी बांधलेले ओरथुपालयम धरण सांडपाण्याचा तलाव होऊन बसले. शेतकरी न्यायालयात गेले आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने नियम न पाळणारे सुमारे ७०० रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. शेत गेले ते गेलेच, रोजगारही थांबला. नदीची उपेक्षा करून उद्योग वाचत नाही, हा त्या घटनेचा धडा आहे.

चौथी आणि सर्वांत सूक्ष्म गोष्ट: रंग गेला म्हणजे विष गेले असे नाही. रेणू तुटला, डोळ्याला रंग दिसेनासा झाला, पण तुकडे अधिक घातक निघाले तर काय? म्हणून प्रामाणिक संशोधक रंग घालवून थांबत नाहीत. ते प्रक्रिया झालेल्या पाण्यावर बियाणे रुजवून पाहतात, कांद्याच्या मुळांची वाढ तपासतात. केंद्र शासनाने २०१६ साली वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्याचे मानदंड सुधारले. त्यात रंगाला १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एककांची आणि विरघळलेल्या क्षारांना लिटरमागे २१०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. झाडांच्या साहाय्याने केलेली प्रक्रियाही याच तराजूत तोलली पाहिजे. स्वदेशी आहे, नैसर्गिक आहे, एवढ्यावर तिला सवलत मागणे हा त्या विज्ञानाचाच अपमान ठरेल.

करण्याजोगे काय आहे?

मग मार्ग कोणता? पहिले पाऊल कारखान्याच्या आतच आहे. रंगाच्या हौदातील दाट, खारे पाणी आणि नंतरच्या धुण्यांचे पातळ पाणी एकत्र करू नये. दाट पाणी प्रमाणाने थोडे असते. त्यातील मीठ आणि रंग यंत्राने वेगळे करणे त्यामुळे आवाक्यात येते. पातळ पाण्याला उदासीन करून, बियांच्या पेंडीने किंवा राखेने हाताळून सामाईक सांडपाणी प्रकल्पाकडे धाडावे आणि प्रकल्पातून बाहेर पडणारे पाणी नदीत सोडण्यापूर्वी पाणकणीस, वाळा आणि फुलझाडे लावलेल्या वाफ्यांतून फिरवावे. म्हणजे वनस्पतींना यंत्राची जागा घ्यायला लावायचे नाही. यंत्राच्या आधी आणि यंत्राच्या नंतर त्यांना त्यांच्या ताकदीचे काम द्यायचे. अशा वाफ्यांतील फुले देवाला वा बाजारात आणि हिरवा पाला गुरांना जाणार नाही, हे पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे लागेल.

साताऱ्यातील, सांगलीतील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना येथे मोठे क्षेत्र मोकळे आहे. मूग किंवा ज्वारीचे शंभर दाणे, दोन ताटल्या, एकीत विहिरीचे पाणी आणि दुसरीत प्रक्रिया केलेले पाणी. चार-पाच दिवसांत किती दाणे रुजले आणि मुळे किती वाढली, हे मोजायचे. शाळकरी मुलालाही जमणारी ही परीक्षा आहे. पाण्याचा अंतिम निवाडा ती करणार नाही. परंतु काही तरी बिघडले आहे, हे ती निःसंशय सांगेल. गावोगावच्या तरुणांनी अशा नोंदी तारीखवार ठेवल्या, तर नदीविषयीची चर्चा भावनेवरून पुराव्यावर येईल. घाटस्वच्छतेच्या मोहिमा व्हाव्यातच. पण घाटावरचे निर्माल्य उचलताना पाण्यात विरघळलेले काय आहे, हेही विचारले जावे.

कुटुंबांचाही यात वाटा आहे. अत्यंत गडद आणि अत्यंत स्वस्त कापडाची किंमत कोणी तरी, कुठे तरी मोजत असतो. प्रक्रिया पूर्ण करूनच पाणी सोडणाऱ्या कारखान्याचे कापड मीटरमागे चार पैसे महाग पडले, तर ते चार पैसे देण्याची तयारी हवी. अन्यथा प्रामाणिक कारखानदार स्पर्धेत मागे पडेल आणि रात्रीच्या अंधारात नाल्यात पाणी सोडणारा पुढे जाईल.

वाईच्या घाटावर कृष्णाबाईच्या उत्सवात सुवासिनी नदीची ओटी भरतात. ओटीत खण असतो, आणि खण म्हटला की रंग आलाच. ज्या नदीला रंगीत खण अर्पण करायचा, तिलाच त्या खणाच्या रंगाचे सांडपाणी पाजायचे, ही विसंगती कोणत्याही श्रद्धाळू मनाला बोचली पाहिजे. निवळी या प्रदेशाला ठाऊक आहे, शेवगा परसात उभा आहे, चिपाडे कारखान्यात आहेत, संशोधन विद्यापीठात आहे. उणीव आहे ती या चार गोष्टी नाल्याच्या काठावर एकत्र आणून रोजच्या रोज, न कंटाळता, मोजून-मापून काम करणाऱ्या हातांची. झाडाचे नाव घेऊन झाले. आता सहाणेवर बी ठेवायचे आहे.